आखाताची आत्या

सरकारने पाठवलेली तिन्ही नावं आखाताने परत केली आणि कारण दिलं, की आपलं बारसं झालेलं नाही. नावांच्या पाट्या ओहोटीबरोबर धक्क्याला येऊन लागल्या, स्वच्छ धुतलेल्या. मोजणी खात्याचे निमकरसाहेब लाँच घेऊन आत शिरले, तेव्हा आखाताने त्यांना अदबीने बाहेर आणून सोडलं. बारसं व्हायच्या आधी परक्या माणसांनी अंगाखांद्यावर हिंडू नये, हे त्याचं म्हणणं साहेबांनाही पटलं. आखात घरंदाज होतं.

काठच्या मांडवकोंड गावात मग साहेबांसमोर बैठक बसली. गावातल्या सगळ्यात मोठ्या होडीचे आबा तांडेल म्हणाले, "बापूस दर्यो. मामाचो प्रश्न नाय, चंद्र आसा. पण कानात नाव सांगूक आत्या व्हयी. ती खंयसून हाडूची?"

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या वेणूताई मयेकर हे ऐकून पुढे आल्या. वेणूताईंना भाऊ नव्हता. गावातल्या प्रत्येक बारशाला त्या घुगऱ्या शिजवून देत, पाळण्याची दोरी धरत, आणि 'कुर्र' करायची वेळ आली की आत्याला वाट देऊन मागे सरत. मग बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालत. त्या धपाट्यांचा वेणूताईंना फार हेवा वाटे. पन्नाशी उलटली तरी वाटे, आणि तो त्यांनी कोणापासून लपवलाही नव्हता.

"माका भाव नाय, म्हणान मी ल्हानपणापासून दर्याक राखी बांधतंय," त्या म्हणाल्या. "नारळी पुनवेक, नारळाक गुंडाळून. दर्यो माजो भाव. मगे ह्यो माजो भाचोच झालो."

निमकरांनी चष्मा पुसला. "तुमचं म्हणणं रास्त आहे, बाई. पण भावाने राखी स्वीकारली, याला पुरावा काय? नसेल तर खातं शहरातून आत्या नेमेल. तशी तरतूद आहे."

नेमलेली आत्या! वेणूताईंना रडूच फुटलं. इतक्या वर्षांनी एक भाचा मिळत होता, आणि त्याच्या कानाशी उद्या कोणी पगारी बाई वाकणार होती.

"सगळ्यांचे नारळ लाटेबरोबर परत येतत," आबा शांतपणे म्हणाले. "हिचो येकव येवक नाय."

साहेबांनी गावात विचारून पाहिलं. खरं होतं. नातं मंजूर झालं.

आता कान शोधायचा होता. नकाशात मुख असतं, कान दाखवायचा खात्यात प्रघात नाही. आत्या बरोबर होती म्हणून आखाताने लाँच आत घेतली, आणि असं ते आखात पहिल्यांदा आतून पाहिलं गेलं. वेणूताई प्रत्येक घळीत वाकून "बाळा" म्हणत. एका ठिकाणी आखाताला गुदगुल्या झाल्या आणि निमकर पाण्यात पडले. तिथे त्यांनी 'काख' अशी नोंद केली.

तिवरांच्या आड एक अरुंद कपार होती. तिथे वेणूताई "बाळा" म्हणाल्या आणि सगळं पाणी निवांत झालं.

त्यांनी तोंडाशी ओंजळ धरली, "कुर्र" केलं आणि तरुणपणापासून जपून ठेवलेलं नाव सांगितलं. तोच बाहेरच्या समुद्राची एक लाट आत आली आणि तिने वेणूताईंच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. वेणूताई नखशिखांत भिजल्या, गुडघ्यावर आपटल्या, आणि पोट धरून हसत सुटल्या. जन्मात एवढा आनंद त्यांना झाला नव्हता.

"नकाशात काय लिहू?" निमकरांनी विचारलं.

"बाबलो."

साहेबांनी 'बाबलो आखात' असं लिहिलं. ही पाटी परत आली नाही.

मे महिन्यात सुट्टी लागली, तसं आखात आत्याकडे राहायला आलं. वेणूताईंनी अंगण आधीच मोकळं करून ठेवलं होतं. निमकरांनी नकाशात मूळ जागेवर 'आत्याकडे गेले आहे' असं छापून घेतलं, आणि सुट्टी संपेपर्यंत गावच्या होड्या वेणूताईंच्या दारातूनच मासेमारीला जात राहिल्या.