वाळ्याचा यशस्वी तपास

“ताई, तक्रार करा, पण कागदावर माझं नाव नका येऊ देऊ,” ओजसला सांभाळणाऱ्या पार्वतीमावशी म्हणाल्या, तेव्हा गार्गी हसली होती. “काहीतरीच काय मावशी. नुसती औपचारिकता असते ती.”

ओजसच्या पायातला चांदीचा वाळा हरवला होता आणि काहीही हरवलं तरी पोलिसांत कळवायचं, असा मुलुंडच्या त्या सोसायटीचा ठराव होता. गार्गी तर सॅनिटायझरची बाटलीसुद्धा सॅनिटायझरने पुसणारी आई. ती त्याच सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन बसली.

हवालदार अंबादास फार अदबीने वागले.

“संशयित?”

“कुणीच नाही.”

“रकाना रिकामा चालत नाही, मॅडम. घरात कोण कोण असतं?”

सासूबाई सुहासिनी निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणून वगळल्या. दीर मिहिरचं नाव ऐकून अंबादास ओळखीचं हसले. गेल्या वर्षी त्याने दारूच्या नशेत फुटपाथवर गाडी चढवली, तेव्हा याच टेबलावर त्याला चहा पाजला होता. “चांगल्या घरचा मुलगा हो. परीक्षेचं टेन्शन होतं त्याला.” तोही वगळला.

“आणि ही पार्वती काय?”

“काळे.”

“कुठले काळे?”

“म्हणजे? माझं माहेरचं आडनावही काळेच आहे.”

“तुमचे वेगळे. या पारधी तर नाहीत?”

“आहेत, पण—”

पेन पहिल्यांदाच झरझर चाललं.

“अहो, गुन्हेगार जमातीचा शिक्का बावन्न सालीच निघाला ना?” गार्गीला कॉलेजातलं आठवलं.

“कायद्यातनं निघाला, मॅडम. हाताची सवय जायला वेळ लागतो,” अंबादास म्हणाले. कुणाच्या हाताची, ते बोलले नाहीत.

दुपारी मावशींना घेऊन गेले. दोन दिवसांनी सुहासिनीबाई बोरिवलीच्या लेकीकडून परतल्या. “वाळा होय? रुतत होता गं त्याला. जाताना काढून देवघरातल्या डबीत ठेवला मी.”

गार्गी डबीसकट ठाण्यात धावली. अंबादास उठून उभे राहिले.

“अभिनंदन. मुद्देमाल हस्तगत.”

“अहो, चोरीच झाली नाही!”

“मग हस्तगत कसा झाला?”

“सासूबाईंनीच ठेवला होता.”

अंबादास खिन्न झाले. “या वयात बाईंना कशाला गोवायचं? आरोपीने त्यांची दिशाभूल केली, असं लिहितो.”

“मी तक्रार मागे घेते.”

“घ्या की. मग खोटी तक्रार दिली म्हणून तुमच्यावर येईल. बाळ लहान आहे तुमचं. विचार करा.”

गार्गीने विचार केला. ओजसच्या दुधाची वेळ झाली होती. ती घरी आली.

मावशी पुढे जामिनावर सुटल्या. आता आसपास कुणाचा चमचा हरवला, तरी त्यांनाच बोलावणं जातं. परवापासून त्यांचा फोन बंद आहे. गार्गी ठाण्याच्या कोपऱ्यापर्यंत जाते, बाबागाडी वळवते आणि परत येते. म्हणून ती आता तुम्हालाच विचारतेय. तुम्ही जाऊन बघाल का जरा? तुम्हाला बसायला खुर्ची देतील. मावशी बहुतेक खाली फरशीवर असतील.