बारा बरोबर होत्या

शनिवारी शाळा अकराला सुटते. हडकोतल्या मुलींच्या बालगृहाची गृहमाता सत्यशीला पावणेअकरालाच शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहते, कारण तिच्या बारा मुली त्याच शाळेत आहेत आणि बाराच्या बारा मोजून घरी आणणं हे तिचं काम आहे. एप्रिलचं ऊन चांगलंच तापलं होतं. शहरातल्या सगळ्या बायका-मुलींसारखे तिच्या मुलींनीही तोंडाला स्कार्फ बांधले होते, नुसते डोळे तेवढे उघडे. कुणीतरी देणगी म्हणून पिवळ्या कापडाचा तागा दिला होता, त्यामुळे बालगृहाचे सगळे स्कार्फ पिवळे. गर्दीतून आपल्या मुली वेगळ्या काढायला ते फार सोयीचं पडायचं. रस्ता ओलांडायच्या आधी सत्यशीलानं रोजच्यासारखा प्रत्येक पिवळ्या डोक्यावर हात ठेवला. बारा. तिचा जीव भांड्यात पडला आणि सगळ्या घरी आल्या.

दारातच अधीक्षिका दमयंती मॅडमचा फोन आला. दोन वाजता तपासणीला अधिकारी येणार होते, अगोदर न कळवता येणार होते, आणि मॅडमना ते आत्ताच कळलं होतं. सत्यशीला तशीच कार्यालयाच्या खोलीत गेली. हजेरीवही, औषधांची वही, भेटीला आलेल्या नातेवाइकांची वही, सगळं टेबलावर ओळीनं मांडून ठेवण्यात अर्धा तास गेला. इकडे मुलींनी स्कार्फ सोडले, हातपाय धुतले, पंगत बसली. स्वयंपाकीण कस्तुराबाई वाढत होती, पण ती ताटं बघते, तोंडं बघत नाही. शेवटी कढीचं भांडं घेऊन सत्यशीला स्वतः ओळीतून फिरू लागली आणि सातव्या ताटाशी थांबली.

सातव्या ताटावर एक गोरीशी, चष्मेवाली, आठेक वर्षांची मुलगी खिचडी खात होती. सत्यशीलानं तिला जन्मात पाहिलं नव्हतं.

"तू कोण गं?"

"मनस्विनी. तिसरी ब." मुलीनं घास गिळला आणि वाटी पुढे केली. "मला अजून कढी पाहिजे."

सत्यशीलानं कढी वाढली, कारण हात आपोआप चालत होता. मग तिनं ओळीवरून नजर फिरवली. बारा ताटं होती, बारा मुली होत्या. म्हणजे एक जास्त असेल तर एक कमी असली पाहिजे. शीला नव्हती. फर्दापूरकडची, तिसरी ब मधलीच, पुढचे दोन दात पडलेली आणि झोपेतसुद्धा बोलणारी शीला.

"शीला कुठंय?"

अकरा मुलींनी एकदम माना खाली घातल्या. उत्तर मनस्विनीनंच दिलं, आणि अगदी शांतपणे दिलं. शीला तिच्या घरी गेली होती. तिचे आजोबा रिक्षा करून न्यायला येतात, त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना नीट दिसत नाही. म्हणून दोघींनी शाळेतल्या पाण्याच्या टाकीमागं स्कार्फ बदलले. शीलाला आजी-आजोबांचं घर बघायचं होतं आणि मनस्विनीला पंगतीत जेवायचं होतं. काळजीचं काही कारण नव्हतं.

"सोमवारी शाळेत आम्ही परत बदलून घेणार आहोत," ती म्हणाली.

सत्यशीलानं कढीचं भांडं खाली ठेवलं. बालगृहातली मुलगी हरवली तर काय होतं ते तिला माहीत होतं: पोलिसांत खबर, बालकल्याण समितीपुढे उभं राहणं, नोकरी जाणं. पण लोकांची मुलगी आपल्या घरात सापडली तर काय होतं, हे प्रशिक्षणात कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला बहुतेक अपहरण म्हणत असावेत. आणि तिच्या हातून एकाच दिवशी दोन्ही झालं होतं.

तिनं तातडीनं मॅडमना फोन लावला. मॅडमनी उचलताच सांगितलं की त्या साहेबांच्याच गाडीत आहेत, फोन स्पीकरवर आहे, आणि सगळं ठीक आहे ना.

"मॅडम, एक जरा..."

"मुली सगळ्या आहेत ना? बारा?"

"बारा हैत, मॅडम," सत्यशीला म्हणाली आणि फोन बंद झाला. ते खोटं नव्हतं. तेच तिला नंतर दिवसभर खात राहिलं.

मनस्विनीला एकच नंबर पाठ होता, आजोबांचा. तो सत्यशीलानं चार वेळा लावला. चारही वेळा नुसती रिंग जात राहिली. पत्ता मात्र मुलीला नीट माहीत होता: एन-नऊ सेक्टर, मोठ्या जलकुंभाच्या अलीकडची गल्ली, हिरवं फाटक. सव्वाबारा झाले होते. अकरा मुली कस्तुराबाईच्या हवाली करून, एकीलाही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देऊ नकोस असं तीनदा बजावून, सत्यशीलानं मनस्विनीचा हात धरला आणि रिक्षा केली.

हिरव्या फाटकाला कुलूप होतं. सत्यशीलानं तिथंच उभं राहून पाचव्यांदा नंबर लावला आणि बंद घराच्या आतून रिंग ऐकू आली. आजोबा फोन घरीच विसरून गेले होते. शेजारच्या बाईंनी गच्चीवरून सांगितलं की व्यंकटराव मघाशी नातीला घेऊन आले होते. दप्तर ठेवलं आणि तसेच शहागंजला गेले, नवा चष्मा आज मिळायचा होता. मग बाईंची नजर मनस्विनीवर गेली. मनस्विनीनं त्यांना नमस्कार केला. बाई कठड्याला धरून बराच वेळ खाली बघत राहिल्या.

पण सत्यशीलाला त्यांच्याकडे बघायला सवड नव्हती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: नवा चष्मा. म्हातारा दुकानात बसणार, चष्मा डोळ्याला लावणार, समोर बघणार, आणि समोर दुसऱ्याचीच पोर. तिथून शहागंजची पोलीस चौकी किती लांब? छातीत कळ आली तर? आणि ती शीला. ती घाबरून गर्दीत पळत सुटली तर?

रिक्षा शहागंजच्या गर्दीत शिरली आणि थांबली. पुढे हातगाड्या, मागे टेम्पो, मध्ये कुणाचीतरी दुचाकी बंद पडलेली. सत्यशीलाला तिच्या वडलांची, सोनाजीची आठवण झाली. लासूर स्टेशनजवळ त्याची दीडशे मेंढरं होती आणि त्यानं ती कधी मोजली नव्हती. त्याला मोजताच येत नव्हतं. संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी उभा राहून तो एकेकीचं तोंड बघायचा आणि कोणती आली नाही ते नावानिशी सांगायचा. त्याची लेक बारावी शिकली, प्रमाणपत्र घेतलं, आणि नुसते स्कार्फ मोजून मोकळी झाली.

"मावशी, तुम्ही रडताय का?" मनस्विनीनं विचारलं.

"नाय गं. धूळ गेली डोळ्यात."

"आमचे आजोबापण ऑपरेशनच्या आधी असंच म्हणायचे."

चष्म्याचं दुकान सापडलं तेव्हा एक वाजून गेला होता. दुकानदार शटर अर्ध्यावर ओढून दुपारच्या जेवणाला निघाला होता. सत्यशीलानं धापा टाकत विचारलं, ऑपरेशन झालेले एक म्हातारे गृहस्थ, बरोबर छोटी मुलगी.

"नाना? वो तो अब्बीच गए, आपा. आधा घंटा हुआ."

"चष्मा लावला का त्यांनी? दिसलं का त्यांना?"

"सब साफ दिखा ना. चष्मा लगाए, पोती को देखे, हौर फिर भौत देर हँसते बैठे. दोनों हँस रहे थे."

सत्यशीलाला यातलं काहीच समजेना. परकी मुलगी नात म्हणून समोर दिसली तर माणूस ओरडेल, घाबरेल, हसेल कशाला? धक्क्यानं डोक्यावर परिणाम झाला असला तर? कुठल्या दिशेनं गेले असं विचारलं तर दुकानदारानं मोघम हात हलवला. त्या हातात अर्धं शहर येत होतं.

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. साहेब वेळेआधीच पोचले होते. "सत्यशीलाबाई, आहात कुठं तुम्ही? साहेबांनी मुली बघितल्या. बारा बरोबर आहेत. तुम्हीच नाही आहात."

"किती?"

"बारा. मी स्वतः दोनदा मोजल्या."

सत्यशीलानं शेजारी उभ्या असलेल्या मनस्विनीकडे पाहिलं. ही इथं होती. शीला व्यंकटरावांबरोबर होती. घरी अकरा सोडून आली होती. मग बारावी कोण? कस्तुराबाईनं घाबरून शेजारपाजारची एखादी पोर आणून ओळीत उभी केली की काय? कस्तुराबाईचा जीव मोठा, ती करूही शकली असती. म्हणजे आता दोन मुली परक्या आणि एक हरवलेली. परतीच्या रिक्षात सत्यशीलानं मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला आणि विषयाच्या ओळीशीच ती अडली.

बालगृहाच्या हॉलमध्ये ती शिरली तेव्हा मुली भिंतीला ओळीनं बसल्या होत्या. टेबलाशी तपासणी अधिकारी आप्पासाहेब, त्यांच्या बाजूला दमयंती मॅडम. आणि खुर्चीवर पांढऱ्या सदऱ्यातले, करकरीत नव्या चष्म्यातले एक म्हातारे गृहस्थ बशीतून चहा पीत होते. त्यांच्या गुडघ्याला टेकून शीला उभी होती आणि हातातली इमरती मोडून अकरा जणींत वाटत होती.

"आजोबा," मनस्विनी म्हणाली, "चष्मा छान आहे."

आप्पासाहेबांनी पेन उचललं आणि मुली पुन्हा मोजल्या. तेरा भरल्या. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी सत्यशीलाकडे.

सत्यशीलानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टाकीमागं बदललेले स्कार्फ, आपलं न बघता मोजणं, कढीचं भांडं, हिरवं फाटक, आणि फोनवर आपण बारा म्हणालो ते खरं होतं पण पुरतं खरं नव्हतं, हेसुद्धा. सांगून झाल्यावर तिला एकदम हलकं वाटलं.

व्यंकटरावांनी बशी खाली ठेवली. ते न्यायालयात कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि साक्ष दिल्यासारखं बोलत होते. मुलगी आपली नाही हे त्यांना रिक्षातच समजलं होतं. "आमची मनू रिक्षात बाहेर बघत बसते. हिनं बसल्या बसल्या रिक्षावाल्याला त्याचं गाव विचारलं, मुलं किती ते विचारलं, मग मला विचारलं की डोळा कापताना दुखलं का. मला चार महिन्यांत घरात कुणी हे विचारलं नव्हतं."

मग त्यांनी तिला नाव विचारलं. तिनं बेत सगळा सांगितला, सोमवारच्या अदलाबदलीसकट. तेव्हाच रिक्षा वळवायला हवी होती, हे त्यांनी कबूल केलं. पण दुकान दुपारी बंद व्हायचं, बायको पुण्याला मुलीकडे गेलेली, मुलगा-सून कामावर, आणि ऑपरेशननंतर शहागंजचा रस्ता एकट्यानं ओलांडायची त्यांची हिंमत होत नव्हती. दोनदा फुटपाथवरूनच परत आले होते. शीला म्हणाली, मी नेते. तिनं नेलंही. चष्मा मिळाल्यावर ते थेट तिला घेऊन इकडे आले होते, आणि मॅडमना ते कुणाच्या तरी भेटीला आलेले नातेवाईक वाटले होते.

"चूक माझी आहे," व्यंकटराव म्हणाले. "लेखी देतो."

आप्पासाहेबांनी वही पुढे ओढली. ते म्हणाले की अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मुली कमी भरलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या, जास्त भरलेल्या आजच पाहिल्या. मग त्यांनी जे करायचं ते केलं. सत्यशीलानं तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा. शाळेच्या फाटकाशी प्रत्येक मुलीचा चेहरा बघूनच तिला ताब्यात घ्यावं. मनस्विनीच्या आईवडिलांना आत्ताच्या आत्ता कळवावं. शेवटचं ऐकल्यावर व्यंकटरावांचा चेहरा उतरला. सुनेला मीच सांगतो, थोड्या सवडीनं, असं त्यांनी सुचवून पाहिलं. सत्यशीलानं नियमावर बोट ठेवलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. पुढची दहा मिनिटं ते अंगणात उभे राहून "हो" आणि "बरं" एवढंच म्हणत होते.

चारला सगळे गेले. जाताना मनस्विनीनं पुढच्या शनिवारी जेवायला काय असतं ते कस्तुराबाईला विचारून घेतलं. व्यंकटरावांनी भेटीला येण्यासाठी अर्ज कुठं करायचा ते विचारलं आणि चार जागी सही करायची असते हे ऐकून त्यांना बरंच वाटलेलं दिसलं.

सत्यशीला स्वयंपाकघरात आली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. थंड खिचडीचं ताट घेऊन ती जमिनीवर बसली, तोच दारात शीला येऊन उभी राहिली. तिचे हात मागे होते, मान खाली होती.

"काय गं?"

"मावशी, तुम्ही अजून रागवल्या नाय."

सत्यशीलानं घास खाली ठेवला. रिक्षात बसून तिनं या पोरीला काय काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं. आता त्यातला पहिला शब्द आठवेना.

"तिथं कुणी रागवतच नाय," शीला म्हणाली. "मी काय पण विचारलं तरी आजोबा बरं बरं म्हणतात. घर लई गप गप हाय. मला वाटलं, इथं आले की तुम्ही रागवताल."

"आज लई दमले गं मी," सत्यशीला म्हणाली. "उद्या रागवते."

शीलानं जरा विचार केला.

"उद्या आईतवार हाय," ती म्हणाली. "मग सकाळीच रागवा. दुपारी आमाला खेळायचंय."