शेवटचा थेंब जाईपर्यंत

ऐश्वर्याच्या लग्नात करवलीचा मान संचिताला होता. नऊवारी नेसून, हातात करा घेऊन ती नौपाड्यातल्या हॉलच्या दारात उभी होती, पण डोळे मोबाइलवर खिळलेले. हिमाचलमध्ये तापमान दुपारी चारलाच शून्यावर आलेलं, आणि अंधार पडला की उणे आठ.

तिथे, देवदारांच्या कडेला, संचिताची कॅम्पसाइट होती. बारा तंबू, दोन न्हाणीघरं आणि झऱ्यावरून आणलेला तीनशे फूट पाइप. थंडीत पाइपातलं पाणी गोठून फुगतं आणि पाइप तडकतो, म्हणून तिथला राखणदार रोज संध्याकाळी तो रिकामा करायचा. आज तो सामान आणायला खाली उतरला आणि बर्फानं रस्ता बंद झाला. परवा बावीस पाहुणे येणार होते. वर उरले होते फक्त कोपरला राहणारे तिचे त्र्यंबककाका, जे काकूंना घेऊन हौसेनं थंडी अनुभवायला गेले होते.

मुहूर्ताला वीस मिनिटं होती. काकांना फोन लागला, पण बँडच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून संचिता हॉलच्या मागे हात धुवायच्या जागेकडे पळाली. इयरफोन कानात होते, वरून वेणी आणि गजरा. समोर हॉलच्या सखुबाई फरशी पुसत होत्या.

“आधी मेन कॉक बंद करा. घट्ट!”

“मेन म्हणजे बाहेरून पाणी येतं तोच ना गं?” काका धापा टाकत होते.

“हो, तोच! मग सगळे नळ उघडा.”

“सगळे?”

“सगळे! बाथरूमचे, किचनचे, एकही ठेवू नका. आणि शेवटचा थेंब जाईपर्यंत बंद करायचे नाहीत. पाया पडते तुमच्या, घाई करा!”

“अगं, हा कॉक फिरतच नाहीये. हात बधिर झालेत माझे.”

“काकूंना गरम पाणी ओतायला सांगा त्यावर!”

तेवढ्यात फोन कटला. तिनं सहा वेळा लावला, सहाही वेळा नेटवर्क नाही. आतून उत्तममामांची, म्हणजे नवरीच्या बाबांची हाक आली, “संचिता! अगं, अंतरपाट धरलाय, तू कुठे आहेस?”

मंगलाष्टकं चालू असताना ती नवरीच्या मागे उभी होती. प्रत्येक ‘सावधान’ला ती कमरेला खोचलेला फोन चाचपत होती. अक्षता घामानं मुठीतच चिकटल्या.

हार घालून झाले आणि फोन वाजला.

“झालं!” काका ओरडले. “काकूनं किटली ओतली न् कॉक फिरला. पाइप ठणठणीत कोरडा. पाण्याचा टिपूस नाही!”

संचिताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं समोर दिसलेल्या अनोळखी आजींना मिठी मारली. आजींना ते लग्नाचंच रडू वाटलं.

अर्ध्या तासानं मागून आरडाओरडा ऐकू आला. पहिली पंगत उठली होती, खरकटे हात वर धरून शंभर माणसं बेसिनपाशी ताटकळली होती, आणि नळाला पाणी नव्हतं. मॅनेजर सखुबाईंवर खेकसत होता. “टाकी रिकामी, मेन बंद! डोकं ठिकाणावर आहे का? उद्यापासून येऊ नका!”

“या ताईच बोल्ल्या ना,” सखुबाई रडकुंडीला आल्या होत्या. “मेन बंद करा, सगळे नळ उघडा. पाया पडते बोल्ल्या. मला वाटलं, टाकी धुवायचीय.”

सगळ्या माना संचिताकडे वळल्या. क्षणभर तिला वाटलं, गप्प बसावं. पण सखुबाई आपली पिशवी उचलून निघाल्या होत्या.

“त्यांचं बरोबर आहे,” ती म्हणाली. “मीच सांगितलं. म्हणजे... हिमाचलला सांगत होते.” तिनं वेणी बाजूला सारून इयरफोन दाखवला.

उत्तममामांनी कपाळावर हात मारला. वरपक्षाला पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांनी हात धुवावे लागले. पालिकेचं पाणी आता सकाळीच येणार होतं, म्हणून मॅनेजरनं टँकर मागवला, तो माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकला. तोपर्यंत संचिता नऊवारीत, बादली घेऊन, शेजारच्या सोसायटीतून सखुबाईंबरोबर पाणी वाहत होती. चौथ्या खेपेला मॅनेजर वरमला. “बाई, या उद्या,” एवढंच बोलला.

शेवटी टँकर आला, टाकी भरली. सखुबाई बेसिनपाशी गेल्या, नळाला हात लावला आणि थांबल्या.

“ताई, उघडू?”

“उघडा की.”

सखुबाईंनी हात मागे घेतला, पुढे येऊन संचिताची वेणी उचलली, दोन्ही कान नीट तपासले आणि म्हणाल्या, “हां. आता बोला.”