डमी चालणार नाही

रुचिता मेश्रामचा फायदा साधा होता. सोमवारी पाहणीला येणाऱ्या साहेबांना भट्टी दिसली, तर तिची कंत्राटी नेमणूक कायम होणार होती. कायम म्हणजे पीएफ, टेबलावर नावाची पाटी, आणि आईचं "पोट्टी, तू सरकारी आहेस की नाही, एकदाचं सांग" कायमचं बंद. नाही दिसली, तर महिनाअखेर कंत्राट संपत होतं.

भट्टी खरी नव्हती. सिलतऱ्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना हात न भाजता चुका करता याव्यात म्हणून रायपूरच्या प्रशिक्षण कार्यालयानं पोलाद भट्टीचं सिम्युलेशन घेतलं होतं. ते चालायचं रायपूरच्या सर्व्हरवर आणि दिसायचं सिलतऱ्याच्या पडद्यावर. सर्व्हर हेडलेस होता, म्हणजे त्याला मॉनिटर जोडलेला नव्हता. संचालकांची खुर्ची रिकामी असल्यानं कार्यालयही हेडलेसच होतं. पण त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

चाचणीच्या दिवशी सिलतऱ्याहून प्रशिक्षक प्रशिकचा फोन आला. "दीदी, भट्टी की आवाज़ तो आ रही है. दिसून काहीच नाही राहिलं. पूरा काला."

रुचितानं नेटवर्क तपासलं, फायरवॉल तपासली, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. शेवटी कारण सापडलं. मॉनिटर जोडलेला नाही म्हटल्यावर ग्राफिक्स कार्ड चित्रच काढत नव्हतं. बघणारं कुणी नाही तर काम कशाला करायचं, ही त्याची भूमिका कार्यालयीनदृष्ट्या निर्दोष होती. उपाय अंगठ्याएवढा होता: मॉनिटर असल्याचा भास निर्माण करणारा डमी प्लग. तिनं मागणी लिहिली, 'डमी, एक नग.'

आस्थापना शाखेच्या गंगाधर काकांनी तो कागद दोन बोटांत धरला.

"डमी बसवणार?"

"हव काका. मशीनला वाटलं पाहिजे, समोर स्क्रीन आहे."

"मागच्या भरतीत डमी बसवणारे अजून जामिनावर आहेत. अन् तू लेखी मागून राहिली?"

"माणूस नाही काका, प्लग आहे. मी पंडरी बाजारातून स्वतःच घेऊन येते."

"म्हणजे शासकीय यंत्राची फसवणूक, तीही खासगी वस्तूनं. मले पेन्शन घ्यायची आहे, बाई."

उपसंचालक निरंजन साहेबांनी तोडगा काढला. खोटा नको, खरा मॉनिटर द्या. पण वापरकर्त्याच्या नावाशिवाय मॉनिटर मंजूर होत नाही, आणि सर्व्हरच्या खोलीत वापरकर्ता नव्हता. म्हणून तो नेमण्यात आला. निवृत्तीला टेकलेले गुलाबराव भर मे महिन्यात स्वेटर आणि कानटोपी घालून त्या एसीच्या खोलीत बसले. मॉनिटर लागला. सिलतऱ्यात भट्टी पेटली.

दुपारी ती विझली. रुचिता धावत खोलीत आली.

"गुलाबकाका, मॉनिटर बंद केला का?"

"हव. जेवाले उठलो होतो. उठतानी स्विच बंद कराचा, परिपत्रक आहे."

"तुम्ही बंद केला की तिकडे सगळंच जातं, काका."

"अस्सं?" गुलाबराव क्षणभर पडद्याकडे पाहत राहिले. उभ्या नोकरीत त्यांच्या उठण्यानं पहिल्यांदाच कुठं काही थांबलं होतं. "मंग मले उठता येत नाही, असं लिहून दे."

सोमवार तोंडावर होता. रुचितानं लिहून दिलं.

सोमवारी भट्टी दिसली, साहेबांनी टाळ्या वाजवल्या, आणि रुचिताच्या कागदाला पाय फुटले. पडद्यासमोरून उठता येत नाही हे तांत्रिक मत सहीनिशी उपलब्ध असल्यानं 'पडदा निरीक्षक' नेमणं अपरिहार्य ठरलं. पाळीला एक, जेवणाच्या सुट्टीसाठी बदली, आणि निरीक्षक खरंच बघतात का हे बघायला एक वरिष्ठ. नवी पदं काढायला बंदी होती, म्हणून रुचितासाठी ठेवलेलं तांत्रिक पद वरिष्ठाकडे वळवण्यात आलं. तसंही, तांत्रिक अडचण आता उरलीच नव्हती.

ते पद गुलाबरावांना मुदतवाढीसह मिळालं. गंगाधर काकांच्या भाच्याला दुपारची पाळी, निरंजन साहेबांना प्रशस्तिपत्र. सिलतऱ्याला भट्टी मिळाली, इकडे कुणी जागं असेल तोवर. हे सगळं ज्या खात्यातून गेलं, त्या रुचिताचं कंत्राट महिनाअखेर संपलं. आणि मघाशी गुलाबरावांना उठता येईना तेव्हा तुम्हाला जे हसू आलं, तेसुद्धा रुचिताच्याच खात्यातून गेलं.