भिंतीवरचं बोट

रामटेकच्या सहलीला कॅमेरा न्यायचा, हे अनुसयानंच ठरवलं. पुढे ती हे कधी कबूल करत नसे, तो भाग वेगळा.

कारण होती तिची सासू, तुळजाबाई. सासरे एकही फोटो न काढता गेले, आणि म्हातारीनं त्याचा धसकाच घेतला. "मी मेल्यावर भिंतीले काय टांगसान? माही काठी?" असं ती घास हातात धरून विचारायची. शेवटी अनुसयाचा नवरा शालिकराम ऑफिसातल्या हेडक्लार्कचा पेटीसारखा कॅमेरा मागून घेऊन आला.

खिंडसी तलावाच्या काठी झुणका-भाकरी झाली. गेलेल्या नवऱ्यानं हातमागावर विणलेलं शेवटचं लुगडं तुळजाबाईनं झाडाआड जाऊन नेसलं आणि अशी ताठ बसली, की समोर जणू डॉक्टर सुई घेऊन उभा. शालिकरामनं आधी हात बसावा म्हणून तलावाचे फोटो काढले. मग फिल्म पुढे सरकवायची चावीच फिरेना.

"काय झालं गा?" तुळजाबाई ओठ न हलवता म्हणाली.

"अडकलं, माय."

"आना इकडे," अनुसया पुढे झाली.

"अवं, झाकण उघडू नोको! साहेबानं बजावून सांगतलं हाये."

"तुमच्या साहेबानं कांडी भरली होती काय कधी?"

अनुसया कोष्ट्याची लेक. चौथीत शाळा सुटली ती मागासाठी सुताच्या कांड्या भरायलाच. कांडीवरचं सूत अडकलं, की सगळं ओढून काढायचं, गुंता सोडवायचा, पुन्हा घट्ट गुंडाळायचं. यात तिचा हात धरणारं पेठेत कोणी नव्हतं.

तिनं झाकण उघडलं. भर उन्हात फिल्म ओढून काढली, वर धरून आरपार पाहिली, पदरानं पुसली (दोन्हीकडून, अर्धवट काम तिला खपत नसे) आणि इतकी सुबक गुंडाळली, की बाप असता तर पाठ थोपटली असती.

चावी गरगर फिरली! शालिकरामनं खटाखट फोटो काढले. तुळजाबाईचा, लुगड्याच्या काठाचा, पुन्हा तुळजाबाईचा. परतताना म्हातारीनं एसटीत कोणाला झोपू दिलं नाही.

धरमपेठेतल्या फोटोवाल्यानं काळीकुट्ट पट्टी समोर ठेवली.

"बाई, फिल्म उन्हात वाळू घातली होती का?"

"वाळू काहून घालू? पुसली फक्त!"

शालिकराम छताकडे पाहत राहिला. लग्नानंतर प्रथमच त्याचं बरोबर निघालं होतं, पण तसं म्हणायची छाती नव्हती.

तुळजाबाई घरी लुगड्याची घडी पेटीत ठेवत एवढंच म्हणाली, "जाऊ दे वं. माह्या नशिबात भिंत नाही."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर अनुसयानं सव्याज परत केल्या असत्या. हे मात्र तिला सोसेना. दुसऱ्याच दिवशी सासूला तेच लुगडं नेसवून तिनं रिक्षात बसवलं.

स्टुडिओत म्हातारी एकटी बसायला घाबरली, म्हणून अनुसया शेजारी उभी राहिली. फोटोवाला म्हणाला, "हसा." त्याच घटकेला अनुसयानं बोट उगारलं, "झाकण नीट लागलं का पाहा आधी!" तुळजाबाई बोळकं उघडून खदखदून हसली. खट!

पुढे कितीतरी वर्षं ती आल्यागेल्याला तो फोटो दाखवायची. "हे मी, अन् हे माही पोलीस."

मग तुळजाबाई गेली. फोटोला हार घालायचा, तर शेजारी जिती सून उभी! जित्या माणसाला हार कसा घालायचा? शालिकरामनं फोटोवाल्याकडून अनुसयाला कापून काढलं. पण उगारलेलं बोट सासूच्या खांद्यापुढे आलेलं. ते तेवढं राहिलं.

अजूनही पितृपक्षात अनुसया हार घालते, आणि आपल्या बोटाला लागू नये म्हणून जरा सरकवून घालते. यंदा नातीनं विचारलं, "आजी, हे कोनाचं बोट होय वं?"

शालिकराम पेपरातूनच बोलला, "फोटोवाल्याच्यानं नाही हटलं ते. माह्याच्यानं काय हटन?"

अनुसयानं गर्रकन वळून त्याच्यावर बोट उगारलं.

नातीनं भिंतीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि टाळी वाजवली.

"सापडलं! हेच होय!"