फाल्केत्ता लग्नाला जाते

गाडी वाहून नेणाऱ्या ट्रकचं चाक कारखान्याच्या फाटकातच बसलं, तेव्हा नीवेस कावाझ्झुतीने कपाळाला हात लावला. दुपारी मोंतेफोस्कोच्या चौकात नव्या फाल्केत्ताचं अनावरण होतं. साठेक वर्षांपूर्वी याच गावात जन्मलेली आणि मग बंद झालेली ही लालभडक छोटी स्पोर्ट्स गाडी कारखाना पुन्हा बाजारात आणत होता. रूप हुबेहूब तेच, आतलं सगळं आजचं. नीवेस तिथली मुख्य इंजिनियर. या गाडीपायी तिने कित्येक उन्हाळ्यांत समुद्र पाहिला नव्हता.

"मीच चालवत नेते," ती मालकांना, आमोस बेर्गोंझिनींना म्हणाली. "द्राक्षमळ्यांच्या मागच्या रस्त्याने. तिथे चिटपाखरू नसतं."

"त्या क्लबवाल्यांपैकी कुणी पाहिली ना, तर संपलं बाई सगळं!"

मालकांची भीती खोटी नव्हती. जुन्या फाल्केत्ता बाळगणाऱ्यांचा गावात एक क्लब होता आणि 'कोमेंदातोरे' हा सरकारी किताब नावापुढे मिरवणारे एवारिस्तो ताम्बुरिनी त्याचे अध्यक्ष होते. 'नवी फाल्केत्ता म्हणजे घरी वळलेली नव्हे, दुकानातल्या पाकिटातली तोर्तेल्लिनी,' असं त्यांनी वर्तमानपत्रातच छापून आणलं होतं. शिवाय सगळा क्लब दंडाला काळ्या फिती बांधून चौकात येणार, शिट्ट्या मारणार, असंही जाहीर केलं होतं. चौकात परदेशचे विक्रेते बसणार. गावच्या गाडीला गावानेच हुडूत म्हटलं, तर तिला दुसरं कोण विचारणार? आणि मग कारखान्याला कुलूपच.

नीवेस निघाली. पहिल्या दोन वळणांपर्यंत रस्ता खरंच रिकामा होता. तिसऱ्या वळणावर एक जुनी लाल फाल्केत्ता आडवी उभी होती. तिच्या नाकातून धूर येत होता. शेजारी काळ्या कोटातले एक वृद्ध गृहस्थ टोपीने वारा घालत होते, गाडीला, स्वतःला नव्हे. आणि बांधावर पांढराशुभ्र पोशाख गुडघ्यापर्यंत वर धरून एक नवरीमुलगी बसली होती.

"देवा," नीवेस पुटपुटली. "नेमके तेच!"

कोमेंदातोरेंनी आधी नीवेसकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"आजोबा," नवरी म्हणाली, "घंटा वाजायला लागल्यात."

"वाजू देत. मी त्या पाकिटात पाय ठेवणार नाही, ओर्नेल्ला."

"मग मी एकटी जाते. चर्चमध्ये मला हाताला धरून कुणी न्यायचं ते वाटेत ठरवीन. दूधवाला ओळखीचा आहे."

कोमेंदातोरे विरघळले, पण त्यांना दुसरीच धास्ती पडली. सगळा क्लब चर्चच्या दारात उभा असणार. अध्यक्षांची फाल्केत्ता रस्त्यात बंद पडली हे कळलं, तर उपाध्यक्ष ओद्दोने पिगी पुढच्या निवडणुकीपर्यंत हसत राहील.

"ऐका, इंजिनियरबाई," ते घसा साफ करत म्हणाले. "ही गाडी माझीच आहे, असं म्हटलं तर?"

नीवेसच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडी त्यांची म्हणून गावात शिरली, तर तिचंही बिंग फुटत नव्हतं.

"चालेल. पण चालवणार मी."

"अहो, माझी गाडी दुसऱ्याने चालवलेली या गावाने कधी पाहिलेली नाही!"

तेही खरंच होतं. म्हणून मागच्या चिमूटभर सीटवर नीवेस मुटकुळं करून आडवी झाली, तिच्यावर ओर्नेल्लाने आपला लांबच लांब झालरीचा घोळ पसरला आणि गाडीच्या नंबरावर फुलांचा तुरा बांधून टाकला. कोमेंदातोरेंनी स्टिअरिंग हातात घेतलं. किल्ली फिरवताच इंजिन पहिल्या झटक्यात गुरगुरलं.

"हं," ते म्हणाले.

पुढच्या चढावर त्यांनी गिअर बदलला. "हं," ते पुन्हा म्हणाले. त्यापुढे नीवेसला झालरीखालून जाणवलं, की म्हातारबुवा वळणं मुद्दाम मोठी घेताहेत. मग तर चर्चकडे जाणारा फाटाच त्यांनी चुकवला.

"आजोबा! चर्च मागे राहिलं!"

"माहीत आहे. जरा गरम होऊ दे तिला."

चर्चच्या दारात क्लबची मंडळी आपापल्या फाल्केत्ता चकाचक पुसून ओळीने उभी होती. गाडी थांबताच सगळ्यांनी कोंडाळं केलं.

"कोमेंदातोरे, रंग काय सुरेख लावून घेतलात!"

"लग्नघर आहे," ते कोरडेपणाने म्हणाले.

ओद्दोने पिगी गुडघ्यावर बसला आणि डोळे मिटून इंजिनाला कान लावला. नीवेसने श्वास रोखला. या माणसाने आयुष्यभर फाल्केत्तांशिवाय दुसरं काही ऐकलं नव्हतं, बायकोचंसुद्धा नाही, असं गाव म्हणायचं.

"हा आवाज!" ओद्दोनेचे डोळे भरून आले. "ऐका रे, ऐका! त्या कारखान्यातल्या नकलीला सात जन्मांत जमेल का हा?"

"छे! नावच नको!" क्लब एका सुरात म्हणाला.

झालरीखाली नीवेसने स्वतःची मूठ चावली. सहा सायलेन्सर फेकून तिने मिळवलेला आवाज होता तो. तिला उठून नाचावंसं वाटत होतं आणि बोटसुद्धा हलवायची सोय नव्हती.

कोमेंदातोरे गाडी नीट लावायला किंचित मागे घ्यायला गेले, तोच गाडी गोड आवाजात म्हणाली, "मागे अडथळा आहे."

मागे वरमाई उभ्या होत्या. आदाल्जीझाबाई तशा अंगाने भरदार.

"कोण बोललं ते?" त्यांनी हातातली पर्स कमरेवर टेकवली. "अडथळा कुणाला म्हटलं?"

"मी बोलले, आई!" ओर्नेल्ला चटकन म्हणाली. "झालर अडकली मागे, तिचा अडथळा."

"बरं बाई. उतर आता."

ओर्नेल्ला उतरली, झालर तिच्यामागे निघाली आणि नीवेसने वेळेवर डोकं सीटखाली घातलं. सगळे आत गेले. आता गुपचूप पळावं म्हणून ती पुढच्या सीटवर आली, तर किल्ली नाही. चाळीस वर्षांच्या सवयीने कोमेंदातोरेंनी ती खिशात घातली होती.

लग्नविधी लांबतच गेला. फोन मात्र थांबेना.

"नीवेस, कुठे आहेस? पत्रकार आलेत! विक्रेते घड्याळं बघताहेत!" आमोस ओरडत होते.

"चर्चमध्ये," ती म्हणाली.

"आत्ता प्रार्थना कसली करतेस!"

शेवटी घंटा घणाणल्या. तांदूळ उधळत वऱ्हाड बाहेर आलं. गाडीजवळ आलेल्या कोमेंदातोरेंचा कोट नीवेसने खिडकीतून पकडला.

"चौकात चला. आत्ताच्या आत्ता. नाहीतर मी उभी राहून सगळ्यांना सांगेन ही कुणाची गाडी ते."

कोमेंदातोरेंनी मुकाट्याने खिशातून किल्ली काढली. नवरा-नवरीला मागे कोंबलं, नीवेसला शेजारी बसवलं आणि गाडी काढली. नवऱ्याने या बाई कोण म्हणून विचारलं, तर ओर्नेल्ला म्हणाली, "माहेरच्या." मागून हॉर्न वाजवत अख्खा क्लब निघाला. तसंही काळ्या फिती घेऊन त्यांना तिथेच जायचं होतं.

चौक खचाखच भरला होता. रिकाम्या व्यासपीठापाशी आमोस घामाने निथळत उभे होते. फुलं बांधलेली, तांदळाने माखलेली आपली गाडी आणि मागे जुन्या गाड्यांची वरात पाहून त्यांना रडावं की हसावं कळेना. पण माईक हातात होता, म्हणून बोलून गेले, "मंडळी, ही पाहा नवी फाल्केत्ता!"

मग ओद्दोने गरजला, "नवी? अहो, ही तर आमच्या अध्यक्षांची जुनी!"

सगळ्या नजरा कोमेंदातोरेंवर वळल्या. नीवेसने दाराची कडी घट्ट धरली. यांनी स्वतःची लाज राखायची ठरवली, तर गाडी गेली, कारखाना गेला, सगळंच गेलं.

कोमेंदातोरे सावकाश उतरले. कोट झटकला. आमोसच्या हातातून माईक काढून घेतला.

"बरोबर ऐकलंत. ही नवी आहे," ते म्हणाले. "परीक्षा घेतल्याशिवाय मी शिक्का मारत नाही. म्हणून मी स्वतः ती चालवली आणि माझ्या क्लबच्या तज्ज्ञांपुढे नेऊन उभी केली. त्यांना रंग आवडला. ओद्दोने पिगींना तर आवाज ऐकून रडू आलं. आता यापुढे मी काय बोलू?"

ओद्दोनेचा चेहरा फाल्केत्ताच्या रंगाचा झाला.

"मी तर आधीच ओळखली होती!" तो म्हणाला. "लग्नात विघ्न नको म्हणून गप्प बसलो!"

"मीही!" मागून कुणीतरी म्हणालं. "मीही!" सगळेच म्हणाले. काळ्या फिती भराभर खिशात गेल्या आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की पायऱ्यांवरची कबुतरं उडाली. कॅमेऱ्यांचे झोत पडले. नवरा-नवरीला गाडीच्या टपावर बसवून फोटो झाले. परदेशचे विक्रेते उभं राहून टाळ्या वाजवू लागले आणि आमोसनी नीवेसला सगळ्यांदेखत इतकं घट्ट मिठीत घेतलं, की तिच्या केसांतले तांदूळ त्यांच्या कोटावर सांडले.

गर्दी जरा ओसरल्यावर कोमेंदातोरे तिच्याजवळ आले.

"आवाज," ते खालच्या सुरात म्हणाले, "खरंच तोच आहे हो."

"आभारी आहे."

"पहिली गाडी माझ्या नावावर धरा."

नीवेसने नोंदणीच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे क्लबची सगळी मंडळी एकमेकांची नजर चुकवत ओळीने उभी होती. सगळ्यात पुढे ओद्दोने पिगी.

कोमेंदातोरे तरातरा गेले आणि त्याला कोपराने सारू लागले. "अरे ओद्दोने, बाजूला हो. मी अध्यक्ष आहे!"

ओद्दोने जागचा हलला नाही.

"क्लबात, कोमेंदातोरे," तो मागे न बघता म्हणाला. "इथे रांग आहे."