सा लावून हजेरी

संगीताचे सर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं ते मला माहीत आहे. झब्बा, खांद्यावर शाल, तोंडात पान, आणि मधेच डोळे मिटून एक लांबलचक 'वाऽऽ'. पुसून टाका सगळं. मिटलेले डोळे तेवढे राहू द्या, ते पुढे लागणार आहेत.

आमच्या भिवंडीच्या शाळेतले भोईर सर बिनइस्त्रीचा शर्ट घालायचे आणि पँटीच्या खिशात स्कूटरचा पाना बाळगायचे. बसायचे म्हणून नाहीत. पेटी दोन बाकांवर चढवून उभ्यानं वाजवायची, एक ओळ झाली की वर्गाला एक फेरी, खिडकीतून खाली एक नजर, परत पेटी. एक प्रसंग सोडला तर मला ते बसलेले फक्त स्कूटरवर आठवतात. तिथंही नाक्यावर थांबलं की एक पाय हलत असायचा.

आणि त्यांची हजेरी. समूहगानाच्या तासाला 'हजर सर' चालत नसे. नाव आलं की सा लावायचा. सर डोळे मिटून, मान थोडी वाकडी करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे.

"चेहरा खोटा बोलतो, सा न्हाय बोलत," हे त्यांचं म्हणणं. माणूस भिवंडीजवळच्या दिघाशी गावचा, त्यामुळे बोलीत हाय-न्हाय असायचंच.

कुणाचा सा ऐकून म्हणत, उपाशी आलायस, पेटीच्या खोक्यात चिक्की हाय, घे. कुणाला म्हणत, रडून आलीस, आधी पानी पी. पोरगं उसनं हसू आणून जोरात सा ठोकायला गेलं की ठरलेला शेरा: "बरा हाय, पन खरा न्हाय." मग त्या पोराला आम्हा चाळीस जणांच्या मधोमध उभं करायचं. त्यानं गायचं नाही. बाकीच्यांनी भोवतीनं गायचं, त्यानं नुसतं ऐकायचं. मधे उभं राहिलेलं पोर तास संपेपर्यंत बहुतेक वेळा आपणहून गायला लागायचं. का, ते विचारू नका. आम्हीही विचारलं नाही, चिक्की खाल्ली.

आता माझी गंमत. मला नकला यायच्या. हेडमास्तर, शिपाई, भंगारवाला, सगळे. चाळीस जणांचे चाळीस सा मला पाठ होते. सरांचे डोळे मिटलेले, म्हणजे दुकान उघडंच की. कुणी वडापाव खायला सटकलं की त्याचा सा मी लावायचो. फेरी मारतानाही सर चेहरे मोजत नसत, आवाज ऐकत.

सलीम माझ्या बाकावरचा. वर्गात सगळ्यात गोड आवाज त्याचा. आठवीत तो आवाज फुटायला लागला. एका सुट्टीत मी मुलींसमोर त्याची नक्कल केली, आधी बासरी आणि मधेच बंद पडणारी रिक्षा. सगळे हसले. सलीमही हसला. दुसऱ्या दिवसापासून तो गाण्याच्या तासाला आला नाही.

सलग तीन तास गैरहजर राहिलं की समूहगानातून नाव कट, हा सरांचा नियम. नाव कटलं की सर कारण विचारणार, आणि कारण मी होतो. म्हणून मी सलीमचा सा लावला. जुना, न फुटलेला.

"स्वच्छ हाय," सर डोळे मिटूनच म्हणाले.

असे चार तास. बाकावरच्या त्याच्या रिकाम्या जागेकडे मी बघायचं टाळायचो, पण नक्कल फर्स्टक्लास व्हायची, त्याला मी काय करू?

चौथा तास संपत असताना सलीमची अम्मी वर्गाच्या दाराशी आली. सलीम घरात एक शब्द बोलत नाही, जेवण खाली मान घालून, काही झालंय का, असं विचारत होती. सर म्हणाले, छे, त्याचा सा तर काचेसारखा आहे, आत्ताच ऐकला.

अम्मी गोंधळली. "सर, उसकी आवाज़ तो महीने भर से फटी हुई है."

सरांचे पाय थांबले. पहिल्यांदाच. नकला कोण करतो ते अख्ख्या शाळेला ठाऊक होतं; त्यांनी वळून वर्गात दुसऱ्या कुणाकडे नाही, माझ्याकडेच पाहिलं. "चल," म्हणाले.

स्कूटरवर मागे बसून मी कबूल केलं, बासरी-रिक्षापासून सगळं. सलीम कुठे असेल ते मला ठाऊक होतं: त्याच्या चाचांच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात. तिथं चोवीस लूम एकदम खडखडतात. कुणी कुणाला बोल म्हणत नाही.

तो कोपऱ्यात सुताच्या बॉबिनच्या पेटाऱ्यावर बसला होता. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. सर त्याच्या शेजारी बसले. हो, बसले. काही बोलण्यात अर्थच नव्हता, ऐकू काय येणार? त्यांनी पंजा सलीमच्या पाठीवर ठेवला, उजवा कान त्याच्या तोंडाशी नेला आणि हातानं खूण केली: लाव.

सलीमनं बराच वेळ नाही-नाही अशी मान हलवली. मग त्याचं तोंड उघडलं. मी दारात होतो, मला फक्त लूम ऐकू येत होते. फुटला असेल, फाटला असेल, त्या खडखडाटात कोण हसणार? सर डोळे मिटून होते आणि त्यांचा पंजा हळूहळू सलीमच्या पाठीवरून खाली खाली सरकत होता, आवाज कुठे उतरलाय ते शोधत असल्यासारखा. एका जागी थांबला. तिथं त्यांनी दोनदा थोपटलं. सलीमनं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं आणि परत तोंड उघडलं.

बाहेर आल्यावर माझी पाळी. सरांनी स्कूटर सुरू केली, बंद केली, परत सुरू केली, बंद केली.

"माझा बाप ह्याच लूमवर होता. मी पाळण्यापासनं हा खडखडाट ऐकला. डावा कान हितंच गेला, ठाऊक हाय तुला? एक उरलाय. घरी मला हाक मारनारं कोन न्हाय, म्हनून तो एक कान मी तुम्हा पोरांसाठी ठेवलाय. त्यात तू चार तास खोटं ओतलंस. ते पोर हितं मुकं होऊन बसलेलं, आनि मी 'स्वच्छ हाय' म्हनून घरी जाऊन निवांत झोपलो."

मी सवयीनं तोंड वाकडं करून काहीतरी विनोदी बोलायला गेलो.

"गप. चाळीस जनांचा सा लावतोस ना? तुझ्या नावाला कुनाचा लावतोस रे? दोन वर्सं झाली, मी तुझा सा अजून ऐकला न्हाय. बरा हाय, बरा हाय म्हनून सोडत आलो, ती माझी चूक. उद्यापासनं तू मधे उभं ऱ्हायचं. आनि तोंड उघडायचं न्हाय."